झेक राज्यघटना वाचायची तर तिचे सांधे वाचा

प्रश्न असा आहे: झेक प्रजासत्ताकाची घटना १९९३ची. तरीही तिथले वकील १९१८चा कायदा, १९४५चे अध्यादेश आणि १९६८ची संघराज्याची तरतूद यांवर आजही न्यायालयात वाद घालतात. मग हा इतिहास वाचायला सुरुवात कुठून करायची? आणि ब्रनो शहरातल्या झेक घटना न्यायालयाने एक घटनात्मक कायदाच रद्द केला, ते आपल्या केशवानंद भारती निकालासारखंच आहे का?

१९१८ नंतरच्या घटनांची नुसती यादी पाठ केली तर हाती फार काही लागत नाही. १९१८ची तात्पुरती, १९२०ची, १९४८ची, १९६०ची, १९६८चा संघराज्य कायदा आणि १९९३ची, एवढं कोणत्याही पाठ्यपुस्तकात असतं. खरी गंमत दोन घटनांमधल्या सांध्यांत आहे. राज्य बदललं त्या रात्री जुने कायदे कोणत्या कलमाने नव्या राज्यात आले, कोणते बाहेर राहिले आणि कोणाचा दर्जा घटला, हे समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. चार क्रमांक कागदावर लिहून समोर ठेवा: ११/१९१८, ५७/१९४६, ५४२/१९९२ आणि ४/१९९३.

आधी हे क्रमांक कसे वाचायचे ते पाहू, कारण नवखे लोक इथेच अडखळतात. ‘१/१९९३’ म्हणजे अधिकृत कायदेसंग्रहात १९९३ साली प्रसिद्ध झालेला पहिला कायदा. ही आजची घटना. ती मंजूर झाली मात्र १६ डिसेंबर १९९२ रोजी, म्हणून काही पुस्तकं तिला ‘१९९२ची घटना’ म्हणतात. तारखा वेगळ्या, मजकूर एकच. न्यायनिर्णयांचं उलट आहे. ‘प्ल. ऊएस ४४/१७’ यातलं ‘प्ल.’ म्हणजे पूर्णपीठ आणि ‘ऊएस’ म्हणजे घटना न्यायालय. पुढचा आकडा अर्जाचा आणि वर्ष अर्ज दाखल झाल्याचं. हा निकाल लागला २ फेब्रुवारी २०२१ रोजी. आकड्यातलं वर्ष निकालाचं समजून कालक्रम लावला की सगळा इतिहास उलटापालटा होतो. ‘प्ल.’च्या जागी एक ते चार यांपैकी रोमन अंक असेल, तर तो निकाल तीन न्यायाधीशांच्या छोट्या पीठाचा.

१९१८ आधीचं थोडक्यात सांगतो. १२१२ची सिसिलीची सुवर्णमुद्रित सनद, १५००ची व्लादिस्लावची प्रांतिक संहिता, १६२७ मध्ये हाब्सबर्ग सम्राटाने बोहेमियावर लादलेली नवी संहिता (मोरावियासाठी १६२८) ही सगळी सरंजामी राज्यव्यवस्था. आजच्या न्यायालयात तिचा उपयोग नाही, पण एकोणिसाव्या शतकातल्या झेक राजकारण्यांनी तिच्यावर ‘ऐतिहासिक राज्यहक्क’ नावाचा मोठा युक्तिवाद उभारला. बोहेमियाचं राज्य सम्राटाशी करार करून आलं, ते कधी विसर्जित झालंच नाही, असा तो दावा. त्यासाठी झेक प्रतिनिधींनी व्हिएन्नाच्या संसदेवर १८६३ पासून १८७९ पर्यंत बहिष्कार टाकला. १८७१ मध्ये हंगेरीसारखा वेगळा दर्जा मिळवण्याचा प्रयत्न थोडक्यात फसला. हातात उरली ती २१ डिसेंबर १८६७ची ऑस्ट्रियन घटना. तिच्यातला नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा कायदा, क्रमांक १४२/१८६७, ऑस्ट्रियात आजही लागू आहे. प्रागमध्ये मात्र १९२० मध्ये त्याची जागा नव्या घटनेने घेतली.

आता पहिला सांधा. २८ ऑक्टोबर १९१८ रोजी झेक राजकारणी अलोइस राशीन यांनी मसुदा केलेला कायदा ११/१९१८ अवघ्या काही वाक्यांचा आहे. राज्याचं स्वरूप काय असेल, ते प्रजासत्ताक असेल का, हेसुद्धा त्यात ठरवलेलं नाही. ते राष्ट्रीय सभेने पॅरिसमधल्या राष्ट्रीय परिषदेशी सहमतीने ठरवायचं होतं. पण दुसरं कलम फार महत्त्वाचं आहे: आतापर्यंतचे सगळे प्रांतिक आणि साम्राज्याचे कायदे व नियम तूर्त लागू राहतील. हेतू साधा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्ट, पोलीस, न्यायालयं आणि करखातं नेहमीसारखं उघडलं पाहिजे. ‘तूर्त’ या शब्दाने मात्र पुढे बराच काळ खाल्ला. बोहेमिया, मोराविया आणि सिलेशियात ऑस्ट्रियन कायदा चालू राहिला, स्लोव्हाकिया आणि सबकार्पेथियन रुथेनियात हंगेरियन. एकाच देशात विवाह, वारसा आणि कंत्राटाचे नियम दोन. ऑस्ट्रियाची १८११ची दिवाणी संहिता झेक भागात १९५० अखेरपर्यंत चालली. त्या काळातला जमिनीचा कागद हातात आला तर आधी गाव कोणत्या बाजूचं होतं ते पाहावं लागतं. नुसत्या ‘झेकोस्लोव्हाकियाचा कायदा’ या शब्दांनी काही कळत नाही.

२९ फेब्रुवारी १९२०ची घटना (१२१/१९२०) मजकुराच्या दृष्टीने त्या काळच्या युरोपातली एक चांगली घटना. प्रतिनिधीगृहात ३०० सदस्य सहा वर्षांसाठी, सिनेटमध्ये १५० सदस्य आठ वर्षांसाठी, आणि राष्ट्राध्यक्ष सात वर्षांसाठी दोन्ही सभागृहांनी निवडायचा. तिची दुखरी नस दुसरीकडे आहे. ती मंजूर करणारी सभा निवडून आलेली नव्हती. १९११च्या निवडणुकांच्या निकालांवरून झेक पक्षांनी जागा वाटून घेतल्या, स्लोव्हाक प्रतिनिधी त्यात घेतले गेले, आणि देशातल्या तीस लाखांहून अधिक जर्मनांचा त्यात एकही प्रतिनिधी नव्हता. उद्देशिकेत ‘आम्ही, झेकोस्लोव्हाक राष्ट्र’ असे शब्द आले. त्या शब्दांत जर्मन बसत नव्हते, आणि पुढे बऱ्याच स्लोव्हाकांनाही आपण त्यात बसतो असं वाटेना. देशाच्या १९३८ आणि १९९२ या दोन्ही तुटींची बीजं याच तीन शब्दांत आहेत, असं माझं मत आहे.

याच घटनेसोबत आलेल्या प्रस्तावना कायद्याने घटना न्यायालय स्थापन केलं. सर्वसाधारण कायदे रद्द करू शकणाऱ्या अशा स्वतंत्र न्यायालयाची घटनेत तरतूद करण्यात झेकोस्लोव्हाकिया ऑस्ट्रियाच्याही काही महिने पुढे होता. ऑस्ट्रियाच्या न्यायालयाची संकल्पना मांडणारे हान्स केल्सन प्रागमध्येच जन्मलेले, हाही एक योगायोग. पण पहिलेपणाचा मान आणि कामाचं न्यायालय या दोन वेगळ्या गोष्टी. सात सदस्य: दोन सर्वोच्च न्यायालयातून, दोन सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयातून, अध्यक्षासह तीन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले. मुदत दहा वर्षं. अडचण होती ती दार ठोठावण्याचा हक्क कोणाला, यात. सामान्य नागरिकाला नव्हता, साध्या न्यायाधीशालाही नव्हता. सर्वोच्च, सर्वोच्च प्रशासकीय आणि निवडणूक या तीन न्यायालयांनी, दोन्ही सभागृहांनी किंवा रुथेनियाच्या विधानसभेनेच अर्ज करायचा, तोही कायदा प्रसिद्ध झाल्यापासून तीन वर्षांत. ज्या सभागृहाने कायदा केला तेच त्याविरुद्ध अर्ज करेल, ही अपेक्षा भाबडी होती. न्यायालय १९२१ मध्ये कामाला लागलं आणि १९२२ मध्ये संसदेच्या चोवीस सदस्यांच्या स्थायी समितीच्या एका निर्णयावर महत्त्वाचा निकाल दिला. १९३१ मध्ये सदस्यांची मुदत संपली आणि १९३८ पर्यंत नव्या नेमणुकाच झाल्या नाहीत. कोणी फारशी ओरडही केली नाही, यावरून त्याचं वजन कळतं.

दुसरा सांधा सगळ्यांत गुंतागुंतीचा. म्युनिक करारानंतर (त्याने देशाचा सीमाभाग जर्मनीला दिला) राष्ट्राध्यक्ष बेनेश यांनी ५ ऑक्टोबर १९३८ रोजी राजीनामा दिला, पुढे लंडनमध्ये सरकार उभं केलं आणि १५ ऑक्टोबर १९४०च्या घटनात्मक अध्यादेशाने कायदे करण्याचा अधिकार तात्पुरता राष्ट्राध्यक्षांकडे घेतला. युक्तिवाद असा: म्युनिक करार आरंभापासून शून्य, राजीनामा दडपणाखाली, म्हणून राष्ट्राध्यक्षपद कधी रिकामं झालंच नाही. १९३५ मध्ये मिळालेली सात वर्षांची मुदत १९४२च्या डिसेंबरात संपत होती. तिथे १९२०च्या घटनेतलं एक वाक्य कामी आलं: नवा निवडला जाईपर्यंत जुना राष्ट्राध्यक्ष पदावर राहतो. १९४४च्या अध्यादेशाने ३० सप्टेंबर १९३८ पासून ‘पारतंत्र्याचा काळ’ ठरवला; त्याचा शेवट पुढे ४ मे १९४५ असा निश्चित झाला. त्या काळातले नियम झेकोस्लोव्हाक विधिव्यवस्थेचा भागच नाहीत, मात्र लोकशाही तत्त्वांना बाधा न आणणारे काही काळ वापरता येतील. मग २८ मार्च १९४६च्या घटनात्मक कायद्याने, म्हणजे ५७/१९४६ने, राष्ट्राध्यक्षांच्या सगळ्या अध्यादेशांना पूर्वलक्षी मान्यता दिली.

‘बेनेश अध्यादेश’ हा शब्द आज जर्मन आणि हंगेरियन मालमत्ता जप्तीपुरता वापरला जातो. तो संकुचित वापर आहे. अध्यादेश शंभराहून अधिक होते आणि त्यांत खाणींच्या राष्ट्रीयीकरणापासून विद्यापीठांपर्यंत सगळं होतं. वादग्रस्त १०८/१९४५वर, म्हणजे शत्रूची मालमत्ता जप्त करणाऱ्या अध्यादेशावर, घटना न्यायालयाने ८ मार्च १९९५ रोजी निकाल दिला (प्ल. ऊएस १४/९४). न्यायालयाने तो रद्द केला नाही. त्याची वैधता मान्य केली, आणि त्याचं काम त्याच काळात पूर्ण झालं, आता त्यातून नवे कायदेशीर संबंध निर्माण होत नाहीत, असं म्हटलं. नैतिक बाजूवर लोक आजही भांडतात. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर सांधा इथे घट्ट शिवला गेला.

१९४८ आणि १९६० यांवर फार वेळ घालवू नका. ९ मे १९४८ची घटना (१५०/१९४८) बाहेरून संसदीय दिसते. बेनेश यांनी तिच्यावर सही केली नाही, ७ जूनला राजीनामा दिला, आणि कम्युनिस्ट पंतप्रधान गॉटवाल्ड यांनी ९ जूनला सही केली. ११ जुलै १९६०च्या घटनेने (१००/१९६०) देशाच्या नावात ‘समाजवादी’ घातलं आणि चौथ्या कलमात कम्युनिस्ट पक्ष ही समाजातली मार्गदर्शक शक्ती असल्याचं लिहिलं. हा मजकूर वाचून तिथलं राज्य कसं चालत होतं हे कळत नाही. निर्णय पक्षाच्या कार्यालयात होत होते. नोव्हेंबर १९८९ नंतर चौथं कलम काढायला १३५/१९८९ हा एकच लहानसा घटनात्मक कायदा पुरला, तोही आंदोलन सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत.

१९६८वर मात्र थांबायला हवं. २७ ऑक्टोबर १९६८चा कायदा १४३/१९६८, १ जानेवारी १९६९ पासून लागू. सोव्हिएत रणगाडे ऑगस्टमध्ये आले आणि ‘प्राग वसंत’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या वर्षीच्या सुधारणांपैकी टिकली ती संघराज्याची ही एकच मोठी सुधारणा. संघीय सभेची दोन दालनं: लोकांचं दालन २०० सदस्यांचं, राष्ट्रांचं दालन १५० सदस्यांचं, त्यात ७५ झेक आणि ७५ स्लोव्हाक. महत्त्वाच्या विषयांवर राष्ट्रांच्या दालनातले दोन्ही गट वेगवेगळं मतदान करत, म्हणजे मोठ्या झेक बाजूला छोट्या स्लोव्हाक बाजूवर संख्येच्या जोरावर मात करता येऊ नये. घटनात्मक कायद्यासाठी प्रत्येक गटात तीन-पंचमांश, म्हणजे ४५ मतं लागत. सरळ गणित करा: कोणत्याही एका गटातले ३१ सदस्य गप्प बसले की घटनादुरुस्ती संपली. पक्षाची एकच इच्छा असताना या कुलपाला किल्ली लागलीच नाही, सगळे हात एकदम वर जात. १९९० नंतर खऱ्या निवडणुका झाल्या आणि तेच कुलूप गंजून बसलं. आधी देशाच्या नावात संयोगचिन्ह असावं की नाही यावर महिनोन्‌महिने वाद झाला. बाहेरचे त्याला हसले, पण तो वाद नेमका याच यंत्रणेत अडकला होता. ३ जुलै १९९२ रोजी राष्ट्राध्यक्ष हावेल यांची फेरनिवड स्लोव्हाक गटात अडली. १७ जुलैला स्लोव्हाकियाने सार्वभौमत्वाची घोषणा केली आणि २० जुलैला हावेल पायउतार झाले. फाळणीचं कारण फक्त राष्ट्रवाद, असं म्हणणाऱ्यांनी ही मतदानाची रीत एकदा नीट पाहावी.

तिसरा सांधा: २५ नोव्हेंबर १९९२चा घटनात्मक कायदा ५४२/१९९२. त्याने ३१ डिसेंबर १९९२ अखेर संघराज्य विसर्जित केलं. सार्वमताचा घटनात्मक कायदा १९९१ मध्ये झालेला होता, पण सार्वमत घेतलं गेलं नाही. याच कायद्यात दोन्ही उत्तराधिकारी राज्यांनी संघराज्याची राष्ट्रचिन्हं वापरू नयेत, असं स्पष्ट लिहिलं होतं. झेक संसदेने तरीही कायदा ३/१९९३ने जुना ध्वजच आपला म्हणून घेतला. स्लोव्हाक मित्रांसमोर हा विषय जपून काढा.

चौथा सांधा म्हणजे ४/१९९३. हा राशीन यांच्या दुसऱ्या कलमाचाच वारसदार. संघराज्याचे सगळे कायदे झेक प्रदेशात लागू राहतील, फक्त जे संघराज्य असण्यावरच अवलंबून होते ते वापरता येणार नाहीत. याच्या जोडीला नव्या घटनेचं कलम ११२ वाचायलाच हवं. ते ‘घटनात्मक व्यवस्था’ या संज्ञेत काय येतं हे सांगतं: घटना, मूलभूत हक्कांची सनद, घटनात्मक कायदे, सीमांविषयीचे काही कायदे. बाकीच्या जुन्या घटनात्मक कायद्यांचा दर्जा ते साध्या कायद्याइतका खाली आणतं. विद्यार्थी सगळ्यांत जास्त इथे चुकतात. ‘तो घटनात्मक कायदा होता’ म्हणून १९९३ आधीचा कायदा घटनेच्या बरोबरीने उद्धृत करतात, आणि समोरचा वकील कलम ११२ दाखवतो.

मूलभूत हक्कांची सनदही याच सांध्यातून आली. ती ९ जानेवारी १९९१ची, संघराज्याची (२३/१९९१). फाळणीनंतर ती घटनेच्या मजकुरात घातली नाही. २/१९९३ म्हणून पुन्हा प्रसिद्ध केली आणि घटनेच्या तिसऱ्या कलमाने तिला घटनात्मक व्यवस्थेचा भाग म्हटलं. म्हणून घटनेच्या ११३ कलमांत मूलभूत हक्कांचं प्रकरण शोधत बसू नका, ते तिथे नाही. सिनेटचीही गंमत आहे. घटनेने ८१ जणांचं सिनेट ठरवलं, पण पहिली निवडणूक नोव्हेंबर १९९६ मध्ये झाली. तोवर प्रतिनिधीगृहच सिनेटचंही काम करत होतं.

आता केशवानंदचा प्रश्न. पाया घातला गेला तो २१ डिसेंबर १९९३च्या निकालात (प्ल. ऊएस १९/९३). कम्युनिस्ट राजवट बेकायदा ठरवणारा आणि राजकीय कारणाने खटला न चाललेल्या गुन्ह्यांची खटल्याची कालमर्यादा १९४८ ते १९८९ या काळात मोजू नये म्हणणारा कायदा तिथे आव्हानाखाली होता. न्यायालयाने तो टिकवला आणि म्हटलं, की जुन्या कायद्याशी औपचारिक सातत्य आहे, मूल्यांचं सातत्य मात्र नाही. ही घटना मूल्यांच्या बाबतीत तटस्थ नाही. वरच्या सगळ्या सांध्यांचा हा उलगडा आहे: कागद तेच, वाचायची नजर वेगळी.

मग २००९. मार्चमध्ये सरकार अविश्वास ठरावात पडलं आणि सर्व मोठ्या पक्षांनी मुदतपूर्व निवडणूक ठरवली. कलम ३५ मधली विसर्जनाची वाट लांबची, म्हणून संसदेने ‘या एका वेळी प्रतिनिधीगृहाची मुदत कमी’ असा घटनात्मक कायदा १९५/२००९ केला. १९९८ मध्ये असंच केलं होतं आणि कोणी हरकत घेतली नव्हती. या वेळी एका खासदाराने, मिलोश मेल्चाक यांनी, तक्रार केली. १० सप्टेंबर २००९ रोजी न्यायालयाने तो घटनात्मक कायदा रद्द केला (प्ल. ऊएस २७/०९), आणि ऑक्टोबरात ठरलेली निवडणूक तोंडावर आली असताना बारगळली. ती मे २०१० मध्ये झाली.

साम्य वरवरचं नाही, पण फरक महत्त्वाचा. १९७३च्या केशवानंद निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३६८व्या कलमात न लिहिलेली मर्यादा अर्थ लावून शोधली. झेक घटनेत मर्यादा लिहिलेलीच आहे: कलम ९(२), लोकशाही कायद्याच्या राज्याच्या मूलभूत आवश्यकता बदलता येत नाहीत. मजकुरात जे नव्हतं ते वेगळं: घटनात्मक कायदा रद्द करण्याचा अधिकार. कलम ८७ फक्त ‘कायदे’ म्हणतं. न्यायालयाने त्यात घटनात्मक कायदेही बसवले, आणि इथेच टीकाकारांचा जोर आहे. दुसरा मुद्दाही ध्यानात ठेवा. रद्द झाला तो एका प्रसंगापुरता, सर्वसाधारण नसलेला, पूर्वलक्षी कायदा. मुदतपूर्व निवडणूक या कल्पनेवर न्यायालयाने बोट ठेवलं नाही. संसदेने लगेच ३१९/२००९ने रीतसर दुरुस्ती केली, आणि आता १२० प्रतिनिधींच्या मताने सभागृहाला स्वतःच्या विसर्जनाचा प्रस्ताव मांडता येतो.

घटनादुरुस्तीचं गणितही इथेच सांगून टाकतो, कारण ते अनेकदा चुकीचं लिहिलं जातं. प्रतिनिधीगृहात एकूण २०० पैकी तीन-पंचमांश, म्हणजे १२०. सिनेटमध्ये मात्र उपस्थितांच्या तीन-पंचमांश. दोन मोजमापं वेगळी. या वाटेने आलेल्या बदलांत ३९५/२००१ (आंतरराष्ट्रीय करार आणि युरोपीय संघप्रवेशाची तयारी) आणि ७१/२०१२ (राष्ट्राध्यक्षांची थेट निवडणूक, पहिली २०१३ मध्ये) हे दोन आधी वाचा. पहिल्यानंतर एक गुंता झाला. दुरुस्तीने मानवी हक्कांच्या करारांचा खास दर्जा काढल्यासारखं दिसत होतं, पण न्यायालयाने २५ जून २००२ रोजी (प्ल. ऊएस ३६/०१) ते करार घटनात्मक व्यवस्थेतच आहेत असं ठरवलं. कलम ११२च्या यादीत ते नाहीत. म्हणजे फक्त घटनेचा मजकूर वाचून केलेला अर्ज इथे चुकणार.

निवडणूक कायद्यावरचे दोन निकालही जोडीने वाचा. २००० साली दोन मोठ्या पक्षांनी ३५ छोटे मतदारसंघ आणि मतांना भागायचा पहिला भाजक १.४२ असलेली, म्हणजे मोठ्या पक्षांना झुकतं माप देणारी जागावाटपाची पद्धत आणली, जानेवारी २००१ मध्ये न्यायालयाने ती पाडली (प्ल. ऊएस ४२/२०००), कारण घटना प्रतिनिधीगृहासाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्व सांगते. वीस वर्षांनी ४४/१७मध्ये आघाड्यांसाठीचे चढते उंबरठे (संसदेत येण्यासाठी लागणारी किमान मतं) आणि जागावाटपाची पद्धत पुन्हा पडली, निवडणुकीला आठ महिने उरलेले असताना.

आजचं न्यायालय १९२०च्या न्यायालयाहून कुठे वेगळं, हे पाहायचं तर १५ न्यायाधीशांपेक्षा दाराकडे पाहा. सर्वसाधारण कायद्याला ४१ प्रतिनिधी किंवा १७ सिनेटर आव्हान देऊ शकतात, आणि तो रद्द करायला पूर्णपीठात नऊ मतं लागतात. शिवाय नागरिकाला स्वतः घटनात्मक तक्रार करता येते. मात्र आधीचे सगळे उपाय संपवलेले असावेत, शेवटचा निर्णय हाती पडल्यापासून दोन महिन्यांत अर्ज ब्रनोला पोहोचावा, आणि वकील सक्तीचा. न्यायालयीन शुल्क नाही. बहुतेक तक्रारी ‘उघडपणे निराधार’ म्हणून परत जातात, कारण अर्जदार पुराव्याची पुन्हा तपासणी मागतो आणि सनदेतला कोणता हक्क नेमका कसा मोडला ते लिहीत नाही. जुन्या मालमत्तेच्या प्रकरणात तर अर्जाच्या पहिल्या पानावरच, कोणता कायदा कोणत्या सांध्यातून आजवर आला, हे क्रमांक देऊन मांडावं लागतं.